कड्यावरची अनुसूया

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये गुंडोजी रावांना न ओळखणारा माणूस एखाद वेळेस मिळेल, पण त्यांच्याकडून तेरड्याचं पुराण न ऐकलेला ओळखीचा माणूस मिळणं कठीण. भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं ते ऐकून झालेलं आहे. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी एकदा दात काढायच्या आधी ‘तोंड उघडा’ म्हटलं, तेव्हा ते आधीपासूनच उघडं होतं आणि विषय सह्याद्रीतल्या तेरड्यांचा होता.

माणूस तसा साधा. पूर्वज कधीकाळी घोड्यांवरून फौजेबरोबर इकडे आले, घोडी गेली, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली आणि तीही निम्मी कन्नड होऊन. गुंडोजी एका लहानशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यावर सगळ्यांनी शाल घालून निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा कॉलेजात हजर. मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती. तिथे लोखंडी कपाटांत, जाड कागदांवर शिवून ठेवलेली वाळकी रोपं होती. ती कपाटं सांभाळायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून प्रिन्सिपलांनी किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली. त्या खोलीत नॅप्थलीनच्या वासात गुंडोजी जितके सुखी असत, तितके ते स्वतःच्या लग्नातही दिसले नव्हते असं त्यांचे भाऊबंद म्हणत.

तेरडाच का, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून लोकांनी त्याला मोडीत काढलेलं. पण सह्याद्रीत त्याचे प्रकार मोजता मोजता माणूस दमतो. कोणी झाडावर लटकून वाढतं, कोणी ओढ्यात पाय सोडून, कोणी कड्याच्या ओल्या दगडाला चिकटून. शेंगेला बोट लावलं की फट्कन फुटते आणि बिया उडवते, एवढं एक त्यांच्यात सारखं. गुंडोजींचा डोळा या बाबतीत तयार होता. रोप समोर धरलं की चष्मा कपाळावर सरकवून ते नाकाशी नेणार, फूल उलटं करून मागची बारीक नळी बघणार आणि नाव सांगणार. चुकत नसत. निदान चुकतात असं सिद्ध करायला तोवर कोणी आलं नव्हतं.

आणि या सगळ्यांत एक तेरडा त्यांचा स्वतःचा होता. म्हणजे त्यांनी शोधलेला, त्यांनी नाव ठेवलेला. इम्पेशन्स हे तेरड्याच्या कुळाचं लॅटिन नाव, त्याच्यापुढे त्यांनी बायकोचं नाव जोडलं होतं. इम्पेशन्स अनुसूये.

त्याची गोष्ट अशी. अनुसूयाबाईंचं माहेर खानापूरकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात त्या माहेरी गेल्या होत्या आणि गुंडोजी त्यांना आणायला गेले. परतताना घाटापलीकडच्या मावशीला भेटून यायचं ठरलं. वाटेत रस्त्यावर झाड पडलेलं, बस थांबली. बाकीचे प्रवासी ड्रायव्हरला नावं ठेवत बसले आणि आमचे नवरदेव खाली उतरून चिखलात वाकून गवत बघू लागले. तेव्हा नव्या बायकोनं कड्यावर बोट दाखवलं. वर, पाणी झिरपत होतं तिथे, दगडाला चिकटून एक पांढरं फूल होतं. खोड नाही, एकच पान, आणि त्याच्या वर देठावर ते फूल. गुंडोजींनी चढायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच पावलाला घसरले. मग तीच पदर खोचून चढली. तिनं रोप तोडलं नाही, बोटांनी माती उकरून मुळासकट, खालच्या इवल्या गड्ड्यासकट काढून आणलं. तिच्या माहेरी गौर तेरड्याच्या रोपांची बसवतात आणि मुळं म्हणजे गौरीचे पाय. ते तोडायचे नसतात.

पुढची काही वर्षं गुंडोजींनी त्या फुलाचा पिच्छा पुरवला. त्याच कड्यावर दर पावसाळ्यात जाऊन आले. ठिकठिकाणच्या कपाटांतले जुने नमुने मागवून बघितले. कड्यांवर वाढणारा बिनखोडाचा एक तेरडा सगळ्यांच्या माहितीचा होता, पण तो गुलाबी आणि फुलामागची नळी लांबलचक. हे पांढरं आणि नळी अगदी आखूड. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांनी लेख लिहिला, तो छापून आला, आणि कड्यावरून काढून आणलेलं ते रोप ‘मूळ नमुना’ म्हणून कॉलेजच्या कपाटात लाल किनारीच्या फायलीत गेलं. झाडाचं नाव ठेवताना असं एक वाळलेलं रोप साक्षीला ठेवावंच लागतं. उद्या कोणी भांडायला आलं तर ते दाखवायचं.

गुंडोजींच्या आईंनी, रत्नाबाईंनी, त्या दिवशी ओब्बट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, करून गल्लीत वाटले. तोवर त्या तेरड्याला तणच समजत होत्या. समाजाच्या हॉलमध्ये दोघांचा सत्कार झाला. तेव्हापासून बायका अनुसूयाबाईंना ‘झाडाची अनुसूयाक्का’ म्हणू लागल्या. कोणी म्हणालं, ताजमहालापेक्षा हे बरं, त्यासाठी मरावं लागत नाही. अनुसूयाबाई हसायच्या आणि काहीतरी काम काढून आत जायच्या. त्या ब्लाऊज शिवायच्या, काम नेहमीच असे. गुंडोजींना वाटे, लाजते. दुसरं एखादं कारण असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तेरड्याच्या बाबतीत इतका तयार असलेला डोळा घरात आल्यावर चष्म्यासारखा खुंटीला लागत असे.

नोकरीत बढती मिळाली नाही, पुस्तक लिहायचं राहिलं, घरही भावाच्या वाटणीत अर्धं गेलं. पण एक नाव जगाच्या यादीत होतं, आणि ते बायकोचं होतं. माणसाला म्हातारपणी मनात घोळवायला एवढं पुरतं.

त्यांची जुनी विद्यार्थिनी हर्षिता आली ती उन्हाळ्यात. यशवंतपूरच्या बाजारात तिच्या वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान. मुलगी गुंडोजींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि आता शहराबाहेरच्या एका संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ झाली होती. तेरड्याच्या अख्ख्या कुळाचा वंशवृक्ष मांडायचं काम तिनं हाती घेतलं होतं. डोंगरांवरून, तळ्यांवरून, जुन्या कपाटांतून पानं गोळा करायची, त्यांच्यातला डीएनए वाचायचा आणि कोण कोणाचं किती जवळचं ते मांडायचं.

“आतापर्यंत आपण चेहरे बघून नाती ठरवली सर,” ती म्हणाली. “आता रक्त बघायचंय.”

तिला कपाटातली बरीच पानं हवी होती. गुंडोजी उत्साहानं एकेक फाईल काढून देत होते. शेवटी तिनं लाल किनारीच्या फायलीकडे बघितलं आणि जरा थांबून त्यातलंही एक पान मागितलं. नखाएवढा तुकडा पुरेल म्हणाली. गुंडोजींनी फाईल छातीशी धरली. विज्ञानाच्या माणसाला भीती वाटत नाही असं कोणी समजू नये.

हर्षितानं लपवाछपवी केली नाही. वेगळी जात निघाली तर जगापुढे पक्की होईल, असं तिनं सांगितलं. पुढचं तिला बोलवेना, ते गुंडोजींनीच पुरं केलं. नाही निघाली, तर नाव जाईल. एकाच झाडाची दोन नावं झाली की आधी ठेवलेलं टिकतं आणि नंतरचं बाद होतं, हा नियम त्यांनीच तिला शिकवला होता.

उद्या ये, म्हणाले. ती रात्र त्यांनी कूस बदलत काढली, आणि मनाशी वाद घातला. आपला तो बाब्या, हे झाडांच्या बाबतीतही खरं असतं. दुसऱ्याने ठेवलेली नावं खोडून काढताना त्यांचा हात कधी अडखळला नव्हता, वर्गात तर ते त्यावर विनोद करत. पण खरं सांगायचं तर त्यांना भीतीपेक्षा खात्रीच जास्त होती. डोळ्यांनी बघितलेलं होतं. म्हणून सकाळी त्यांनी स्वतःच चिमट्यानं पानाचा कोपरा तोडला, कागदाच्या पुडीत घातला आणि हर्षिताच्या हातावर ठेवला. घरी मात्र याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढच्या आठवड्यात हर्षितानं त्यांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. गुंडोजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांनी आयुष्यभर डीएनए शिकवला होता, म्हणजे फळ्यावर पिळाची शिडी काढली होती, मुलांनी ती वहीत उतरवली होती आणि परीक्षेत पुन्हा त्यांनाच काढून दाखवली होती. प्रत्यक्ष बघायचा योग आला नव्हता. हर्षितानं बागेतल्या तेरड्याची ताजी पानं खलात वाटली, साबणासारख्या कसल्याशा पाण्यात कालवली, ऊन पाण्यात ठेवली, गाळली. मग नळी तिरकी धरून बर्फासारखं गार अल्कोहोल कडेकडेनं सोडलं.

“आता स्वल्प थांबा सर. हलवू नका.”

दोन पाण्यांच्या मधोमध काहीतरी ढगाळ दिसू लागलं. मग त्यातून पांढरे, बारीक तंतू वर आले. तिनं काचेची कांडी त्यांच्या हातात दिली. गुंडोजींनी ती हळूच फिरवली आणि तंतू कांडीला गुंडाळले गेले. पानाचा आकार, फुलाचा रंग, शेंग कधी फुटायची, उन्हात कसं वागायचं, पाण्यात कसं, सगळं त्या शेंबडासारख्या धाग्यात होतं. इतक्या वर्षांत किती पोरांना हे रटाळ करून शिकवलं, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी असं वाटलं की हे बघायला मिळालं, आता काही नाही मिळालं तरी चालेल.

कपाटातल्या वाळक्या पानाचं काय होतं, तेही तिनं सांगितलं. त्यातले धागे तुटून चुरा झालेले असतात. पण चुरा वाचता येतो. लाखो तुकडे वाचायचे, एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवायची, संगणक ते जुळवत बसतो. कड्यावरून उकरलेलं ते रोप इतकी वर्षं अंधारात मेलेलं पडलं होतं आणि तरी त्याच्यातली अक्षरं पुसली नव्हती. गुंडोजींनी हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

आणखी एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली, ती त्यांनी पुस्तकात वाचलेली होती पण मनावर घेतली नव्हती. जुने लोक शेंग फुटते म्हणून तेरड्याला आंबुशी आणि जिरेनियमच्या शेजारी बसवत. डीएनएनं त्याला तिथून उठवलं. त्याचे खरे भाऊबंद निघाले चहा, चिकू आणि बकुळ.

त्या संध्याकाळी मल्लेश्वरमच्या बाजारातून घरी येताना गुंडोजी चिकूच्या गाडीपाशी इतका वेळ उभे राहिले, की गाडीवाल्याला वाटलं माल किडका निघाला म्हणून हे भांडायला आलेत. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात त्यांनी चहा घेतला आणि तो समोर धरून बसले. चेहऱ्यात काही म्हणून साम्य नाही. एकाची पानं आपण उकळून पितो, एकाची फुलं बायका गजऱ्यात ओवतात, एक फळ सोलून खातो, आणि एक गौरीच्या वेळी दारात येतं, आणि कधीकाळी या सगळ्यांची आजी एकच होती. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी हे कन्नडमध्ये समजावून सांगितलं. तो ‘सरी सर, सरी’ म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाचं टोकन घेतलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग आता चिकूला मामा म्हणायचं का? पण नंतर बराच वेळ ती हातातल्या चिकूकडे बघत होती, हे त्यांनी पाहिलं.

निकाल आला तो पावसाळा सरत आला तेव्हा. हर्षितानं फोनवर काही सांगितलं नाही, या म्हणाली. तेवढ्यावरून समजायला हवं होतं. गुंडोजींना समजलं नाही.

पडद्यावर वृक्ष होता. उभा नव्हे, आडवा, डावीकडे एक बुंधा आणि उजवीकडे फुटत गेलेल्या बारीक रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाला एक नाव. सगळ्यात आधी बुंध्यालाच दोन फाटे होते. एका फाट्यावर एकच नाव, तळ्यातल्या पाण्यात वाढणाऱ्या तेरड्याचं, ज्याची शेंग फुटतच नाही. आणि दुसऱ्या फाट्यावर जगातले बाकीचे सगळे. इकडे एकटा, तिकडे हजारावर. त्या एकट्याची रेघ बुंध्यापासून पार टोकापर्यंत कुठेही न फुटता सरळ गेली होती. गुंडोजी तिच्यावरून बोट फिरवत राहिले. असल्या रोपाला त्यांनी एकदा तळ्याकाठी पाय धुताना बाजूला सारलं होतं.

मग त्यांनी आपलं नाव शोधलं. कड्यावरच्या गुलाबी तेरड्याचे नमुने हर्षितानं अनेक डोंगरांवरून आणले होते, त्यांचा एक दाट झुबका होता. इम्पेशन्स अनुसूये त्या झुबक्याच्या शेजारी नव्हतं. झुबक्याच्या आत होतं. शेजारच्या डोंगरावरच्या दोन गुलाबी रोपांच्या मधोमध, सख्ख्या भावंडांत बसावं तसं.

त्यांनी पुन्हा एकदा तपासायला सांगितलं. तिनं तपासलं होतं. त्याच कड्यावरून नवं पान आणून पुन्हा वाचलं होतं. उत्तर तेच. एवढंच नव्हे, तर असली पांढरी, आखूड नळीची फुलं तिला आणखी दोन कड्यांवर गुलाबी फुलांच्या गर्दीतच सापडली होती. एकाच घरात एखादं पोर घाऱ्या डोळ्यांचं निघतं, तसं.

चूक कुठे झाली, ते मग गुंडोजींनीच शोधून काढलं, आणि ती फक्त त्यांच्यासारख्याच माणसाची होऊ शकते. तेरड्याचं फूल पाणीदार. दाबून वाळवलं की चोथा होतो. त्यांनी कड्यावरच्या ताज्या टवटवीत फुलाची तुलना केली ती कपाटातल्या शंभर वर्षांच्या चोथ्याशी. जिवंत गुलाबी फुलं त्यांनीही पाहिली होती, पण ती रस्त्याकडेची. आणखी दोन डोंगर चढून बघितलं असतं तर मधल्या छटा दिसल्या असत्या. चढले नाहीत. पहिल्या कड्यावरच त्यांचं समाधान झालं होतं, कारण तिथे त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

गुंडोजींना वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढं एकच होतं, तेही गेलं. पण खरी अडचण वेगळीच होती. हरलो हे कळत होतं आणि तरी त्या पडद्यावरून नजर हटत नव्हती. ज्याला ते एका कड्यावरचं एकटं झाड समजत होते, ते दक्षिणोत्तर अख्ख्या सह्याद्रीभर पसरलेलं एकच कुटुंब निघालं होतं. ऊन, वारा, माणूस, काही न बघता दर पावसाळ्यात दगडातून वर येणारं. आपल्या लेखापेक्षा हे किती मोठं आहे, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचा राग आला, आणि रागही फार टिकला नाही.

हर्षिता शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हे आत्ताच छापायला हवं असं नाही, असं ती म्हणाली. आणखी नमुने येऊ देत, एखाददोन वर्षं थांबता येईल.

“लिही,” गुंडोजी म्हणाले. “मी चुकलो हे माझ्या नावासकट लिही. वर्गात मी कोणाला सोडत होतो का?”

घरी आले आणि अडले. हर्षिताला सांगणं सोपं होतं, अनुसूयेला काय सांगणार? ‘झाडाची अनुसूयाक्का’ ही पदवी तिनं मागितली नव्हती, यांनीच दिलेली. दिलेली वस्तू परत मागायची, तीही साठीच्या पुढच्या बायकोकडून. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस जाऊ लागले. मनात वाक्यं जुळवायची आणि जेवताना ती आमटीबरोबर गिळायची.

शेवटी तिनंच विषय काढला. दुपारची वेळ, ती मशिनवर कोणाच्या तरी ब्लाऊजची बाही लावत होती.

“काय झालंय ते सांगा की,” मान वर न करता ती म्हणाली. “भाजीवाला विचारत होता, सरांना बरं नाही का म्हणून. तेरड्याचं काही बोलत नाहीत म्हणे.”

मग गुंडोजींनी सांगितलं. पानाचा तुकडा दिल्यापासून पडद्यावरच्या झुबक्यापर्यंत सगळं. तिला न विचारता पान दिलं हेही. जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. आता समाजातल्या बायका काय म्हणतील, तुला किती वाईट वाटेल, तुझं नाव माझ्यामुळे खोडलं जाणार, असं काहीबाही बोलत राहिले.

ती मशिन चालवत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, म्हणजे त्या झाडाचं आधीचं एक नाव होतं? होतं, ते म्हणाले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा साहेबानं ठेवलेलं.

“आणि तुमच्यात आधीचं नाव खरं धरतात?”

“नियमच आहे तसा. आधी ठेवलेलं तेच राहतं. मागाहून कोणी कितीही हौसेनं ठेवलं तरी ते बाद.”

मशिन थांबलं.

“चांगला नियम आहे,” ती म्हणाली. “माझ्या वेळी कोणी लावला नाही.”

गुंडोजींना क्षणभर काही उमगलंच नाही. मग आठवलं, आणि आठवलं ते असं की त्यांना बसल्या जागी बसवेना. लग्नाच्या दिवशी आईंनी तांदळाचं ताट पुढे केलं होतं आणि त्यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. सगळ्यांचंच लिहितात. माहेरचं नाव यल्लव्वा, ते बंगळूरच्या घरात शोभायचं नाही, असं रत्नाबाई आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. त्या ताटाबद्दल गुंडोजींच्या लक्षात राहिलेली गोष्ट एकच होती. तांदळातसुद्धा आपलं अक्षर किती वळणदार आलं.

ती सांगू लागली, तक्रार म्हणून नव्हे, उसवलेली शिवण दाखवावी तसं. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. आईनं सौंदत्तीला जाऊन यल्लम्माला नवस केला होता, पोर जगली तर तुझं नाव ठेवीन. पोर जगली. मांडवात ताट पुढे आलं तेव्हा आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, मुलीची आई, काय बोलणार? पण त्यानंतर तिनं लेकीला कधी अनुसूया म्हटलं नाही. आणि दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव मोडायला नको म्हणून यल्लव्वाही म्हटलं नाही. जाईपर्यंत ‘अगं पोरी’ म्हणून हाक मारत राहिली.

“हॉलमध्ये सत्कार झाला ना, तेव्हा आई आली होती. मला म्हणाली, पोरी, झाडाला पण तेच नाव दिलं का गं.” ती जरा हसली. “मला सवय झाली आता. झाडाला कशाला लावता? त्याचं त्याला राहू द्या की.”

गुंडोजी तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी पडद्याकडे बघत होते तसेच, फरक इतकाच की ही रोज समोर असायची. बायकोचं नाव जगाच्या यादीत घातलं म्हणून ते इतकी वर्षं मनात मांडे खात होते, आणि ते नाव तिचं नव्हतंच. त्यांनीच ठेवलेलं, त्यांनीच छापलेलं. दोन फुलांतला नळीएवढा फरक शोधायला या माणसानं अर्धं आयुष्य घातलं होतं. ही आत का जाते, हे एकदा उठून बघितलं नव्हतं. आणि हिनं कड्यावर चढून रोप काढून दिलं होतं, त्याचे पाय न तोडता, आणि त्याला लावलेलं, आपलं नसलेलं नाव घेऊन सत्कारात नारळ घेतला होता. काय म्हणावं या बाईला? त्यांना सह्याद्री समजत नव्हता, हे ठीक होतं. पण हीही समजली नव्हती, आणि ती त्या डोंगरापेक्षा लहान होती असं त्यांना वाटेना.

चुकलो, असं म्हणायचं होतं. हर्षितापुढे सहज म्हटलं होतं. इथे ते तोंडातून निघेना. तिनं पुन्हा बाही सारखी केली, मशिन सुरू केलं, आणि खिडकीतला उजेड बाहीवर यावा म्हणून त्यांच्याकडे पाठ करून बसली.

“यल्लव्वा,” त्यांनी हाक मारली.

“ओ,” ती म्हणाली. इतक्या पटकन, मान वळवायच्याही आधी, की बाही सुईखालून निसटली आणि मशिन तसंच रिकामं फिरत राहिलं.